आवाजाची वही : आखाजीचं शूटिंग

२२ मार्च २०२५. रेकी म्हणजे शूटिंगची जागा बघणं, अमळनेर तालुका

घर सगळ्यांना पसंत पडलं, मला सोडून. जुनं धाब्याचं घर, दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, मधल्या घरात सागाच्या सराला लोखंडी कड्यांनी टांगलेला लाकडी झोका. दिग्दर्शक झोक्यावर टेकला, झोका करकरला आणि जागा तिथेच नक्की झाली. डीओपीला, म्हणजे मुख्य कॅमेरावाल्याला, दारातून आत येणारा उजेड आवडला. आर्टवाल्याला फारसं काही करावं लागणार नव्हतं, त्यामुळे तोही खूश.

मी साउंडवाला. मधल्या घरात उभं राहून एक टाळी वाजवली. टाळी तिथल्या तिथे विरली. सारवलेली जमीन, मातीच्या भिंती, वर धाब्याची माती. आतून खोली सोन्यासारखी आहे. सिमेंटच्या घरात हीच टाळी चारही भिंतींवर आपटत राहते आणि माणसं विहिरीतून बोलल्यासारखी लागतात. तक्रार बाहेरची. मागे पत्र्याचं शेड, दोन घरं सोडून पिठाची गिरणी, देवळावर दोन भोंगे. सुरत-भुसावळ लाइन गावापासून अर्धा किलोमीटर. तीन तासांत सात गाड्या मोजल्या, त्यातल्या पाच मालगाड्या. लांबच्या मालगाडीची धडधड कानाआड व्हायला अडीच-तीन मिनिटं जातात.

आणि कूलर. मार्च आहे म्हणून आज चार-दोनच चालू होते. एप्रिलात खिडकीगणिक एक धरायचा.

गोष्ट एका सालदाराची, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याची. आमच्याकडे सालदाराचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सरतं आणि नव्या सालाचा बोलही त्याच दिवशी होतो, म्हणून शूटिंग आखाजीच्या आधीच्या पंधरवड्यात. म्हणजे भर उन्हात आणि भर लग्नसराईत. साउंडवाल्याला विचारून कोणी गोष्ट लिहीत नाही.

२९ मार्च. पुणे, बजेटची बैठक

निर्मात्याचं म्हणणं : पायलट घ्या, मुंबईत डब करू. पायलट म्हणजे डबिंगच्या वेळी कलाकाराला ऐकवण्यापुरता घेतलेला कच्चा आवाज. एवढंच काम असेल तर मला कशाला नेता, मोबाइलही चालेल, असं तोंडावर आलं होतं. गिळलं.

त्याऐवजी विचारलं, मुंबईत अहिराणी कोण डब करणार? गावातली सात-आठ माणसं छोट्या भूमिकांत आहेत. त्यांना अमळनेरहून अंधेरीला नेऊन काचेच्या खोलीत, कानाला हेडफोन लावून, पडद्यावरच्या स्वतःच्या ओठांबरोबर बोलायला लावायचं? सराईत नटांचीही तिथे भंबेरी उडते.

मग थोडा इतिहास पाजळला. १९३१चा ‘आलम आरा’ सेटवरच ध्वनिमुद्रित झाला होता. स्टुडिओला लागून रेल्वे होती, म्हणून बरंचसं शूटिंग रात्री गाड्या थांबल्यावर केलं. पुढे घरघरणारे कॅमेरे आले, डबिंगची सवय लागली आणि ती सवय हीच पद्धत होऊन बसली. २००१च्या ‘लगान’ने जागेवरचा आवाज मोठ्या हिंदी चित्रपटात परत आणला. निर्माता शांतपणे म्हणाला, “लगानचं बजेट माझ्याकडे नाही.” खरं होतं.

शेवटी ठरलं : सिंक साउंड, म्हणजे चित्राबरोबर जागेवरच घेतलेला आवाज, पण साउंडची माणसं तीनच. मी, बूम म्हणजे लांब दांडीवरचा माइक धरणारा पोऱ्या आणि एक मदतनीस. आठ ट्रॅकचा रेकॉर्डर, दोन गन माइक, कपड्यांत लपवायचे पाच लॅपल माइक. आवाज अडवायला गोधड्या, भाड्याने.

बजेटच्या कागदावर बाटलीबंद पाण्यापासून फुलांच्या हारापर्यंत सगळी कलमं होती. शांततेचं नव्हतं. ते कधीच नसतं. शांतता फुकट मिळते असं सगळ्यांनी धरलेलं असतं आणि सेटवर ती नसली की माना साउंडवाल्याकडे वळतात.

५ एप्रिल. अमळनेर, वाचन

गुरुजी निवृत्त शिक्षक, वय सत्तरीच्या पुढे, बोलीचे सल्लागार. मुख्य नट पुण्याचा. पोरगा मेहनती, दोन महिने मोबाइलवर खानदेशी व्हिडिओ बघून आलाय. पहिल्याच पानावर त्याने झोकात विचारलं, “कुठी जाऊन राह्यला?”

गुरुजींनी चष्मा काढला. “भाऊ, हे चांगलं आहे, पण आमचं नाही. हे तिकडचं, यावल-रावेरकडचं वळण. आठे म्हनतस, कथा जाई ऱ्हायना.”

पुण्या-मुंबईत खानदेशी म्हणजे एकच बोली समजतात. पूर्वेला केळीच्या पट्ट्यात लेवा गणबोली आणि इकडे धुळे, नंदुरबार, अमळनेर, पारोळा, चाळीसगावला अहिराणी. दोन्हीकडे ‘मला’चं ‘माले-मले’ होतं, ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, पण क्रियापद आलं की माणूस कुठला ते कळतं. भारतातल्या भाषांच्या सर्वेक्षणाच्या १९०७च्या खंडात ग्रिअर्सनने खानदेशी भिल्ली भाषांच्या सोबत मांडली. शंभरावर वर्षं लोटली तरी गुरुजींचा त्याच्यावरचा राग गेलेला नाही. चहा येईपर्यंत तोच विषय.

स्क्रिप्टवर प्रत्येक ‘ळ’भोवती लाल गोल केला. पहिल्या अर्ध्या भागात एकशे बारा. नटाची जीभ ‘काळा’ म्हणू लागली की मी हात वर करायचा, असं ठरलं. माझं गाव पारोळ्याकडचं. पण चौदा वर्षांच्या पुण्याने माझी अहिराणी आईच्या फोनपुरती उरलीय. गुरुजींनी दोनदा मलाही दुरुस्त केलं, बूमवाल्या पोऱ्यासमोर.

११ एप्रिल. गावात मुक्काम

लॉज अमळनेरला, गावात यायला पंचवीस मिनिटं. ज्या गावात १९४५ साली वनस्पती तुपाच्या कारखान्यातून विप्रो उभी राहिली, तिथे चार दुकानं फिरूनही लिथियमचे पेन्सिल सेल मिळाले नाहीत. जळगावहून मागवले.

घरात गेलो तर झोका गप्प. पाहुणे येणार, सिनेमाची माणसं येणार, आणि घरात झोका कुरकुरतोय म्हणजे काय म्हणतील, म्हणून मोठ्या मायच्या नातवाने कड्यांना तेल पाजलं होतं. मोठी माय म्हणजे घराची मालकीण, सगळं गाव तिला तसंच म्हणतं. दिग्दर्शक डोक्याला हात लावून ओट्यावर बसला. मी वरवर हळहळलो. आतून बरं वाटलं : झोक्यावर तीन पानांचा संवाद आहे, आणि प्रत्येक शब्दाखाली करकर आली तर एडिटरला एक वाक्य इकडचं आणि एक तिकडचं जोडता येत नाही, करकरीची लय तुटते. संवाद गप्प झोक्यावर, करकर नंतर वेगळी. दिग्दर्शकाला हे तीनदा समजावलं.

पोऱ्याला घेऊन गावात फिरलो आणि वहीत घराघराचा नकाशा काढला. कोणाची मोटार कधी, गिरणी कधी, भोंगा कधी, कोणाच्या दारात कुत्रं. गिरणीवाले आप्पा म्हणाले, सकाळी सहा ते दहा बंद ठेवतो, पण सोमवारी नाही, सोमवार अमळनेरचा बाजार. सोमवार लाल पेनने लिहिला.

१२ एप्रिल

हनुमान जयंती. भोंगे पहाटेपासून. आवाजाशिवायचे शॉट : बैल, गोठा, नदीचं कोरडं पात्र, हात. मला सुट्टी म्हणता येईल, पण मी देवळामागे बसून भजन अर्धा तास भरून घेतलं. कधी लागेल सांगता येत नाही.

१४ एप्रिल

आंबेडकर जयंती, मिरवणूक. आजही आवाजाशिवायचे शॉट. गुरुजींबरोबर नटाच्या बैठका लॉजवर. ‘ळ’ एकशे बारावरून एकोणीसवर.

१५ एप्रिल. पहिला बोलता दिवस

कॉल टाइम पहाटे साडेचार, पहिला क्लॅप सहा वीसला. सहा ते नऊ इतकं गोड काम झालं की मला भीती वाटायला लागली. सव्वानऊला मागच्या शेडचे पत्रे तडतडायला लागले. ऊन चढलं की पत्रा फुगतो आणि खिळ्यापाशी टिचक्या मारतो. कानाला सहज ऐकू येत नाही, माइकला फटाके. सेटिंगदादांनी ओली गोणपाटं पसरली. तासाभराने सुकली की परत पाणी. मग पाण्याचे थेंब पत्र्यावर पडायचे. थेंबांखाली आणखी गोणपाट.

दहानंतर कूलर. गाडीच्या काट्यावर ४२. एकूण अकरा घरांचे कूलर माइकमध्ये येत होते. एडीने, म्हणजे सहायक दिग्दर्शकाने, पोरगा पाठवला, “शूटिंग चालू आहे, कूलर बंद करा.” दोघांनी केले, तिसऱ्या घरातून काकूंनी विचारलं, “तुमच्या मुंबईत बंद करतात का?” बरोबरच होतं. एडी माझ्याकडे आला, साउंडसाठी आहे तर तुम्हीच जा.

गेलो. अहिराणीत बोललो, मोडकीतोडकी. ठरलं असं : दुपारी बारा ते चार आम्ही घरात संवाद घ्यायचेच नाहीत. त्याआधी आणि नंतर टेकच्या वेळी ओट्यावरून लाल फडकं हललं की कूलर बंद, कट झाला की हिरवं, की चालू. एका वेळी चार मिनिटांपेक्षा जास्त नाही. फडक्यांचं काम गल्लीतल्या दोन पोरींनी मागून घेतलं आणि दुपारपर्यंत त्या एडीपेक्षा कडक झाल्या. चौथं मिनिट संपलं की दिग्दर्शकाला न विचारता हिरवं.

एका घरी अर्धांगवायूचे आजोबा. तो कूलर बंद करायचा नाही, हे मीच लिहून टाकलं. सगळ्या गोधड्या त्या बाजूच्या भिंतीलाच लागल्या.

१६ एप्रिल

बांगड्यांचा दिवस. नायिकेच्या दोन्ही हातांत काचेच्या दोन-दोन डझन. ती भाकरी थापते आणि बोलते. थापण्याचा आवाज येऊ दे, छानच आहे, पण बांगड्यांनी वाक्यांची अर्धी अक्षरं खाल्ली. कंटिन्युटीवाली बांगड्या कमी करू देईना, कालच्या शॉटमध्ये दोन डझन दिसल्यात. बारीक पारदर्शक टेपने चार-चारचे जुडगे बांधले. कॅमेऱ्याला दिसत नाही, आवाज निम्मा. नंतर तिला एकटीला बसवून, न बोलता, भाकऱ्या थापायला लावल्या आणि बांगड्यांसकट आवाज वेगळा घेतला. बारा भाकऱ्या झाल्या. दुपारी ठेच्याबरोबर युनिटने खाल्ल्या.

लॅपल घामाने निसटतायत. छातीवर चिकटवलेला माइक अर्ध्या तासात पोटावर. आता नायिकेचा पदराच्या काठात शिवलाय. कॉस्च्युमला निरोप : नव्या साड्या किमान तीनदा धुऊन द्या, खळीची साडी कागदासारखी वाजते.

१८ एप्रिल

पुण्याहून एडिटरचा फोन, शेतातल्या लाँग शॉटला सिंक दोन-अडीच फ्रेम मागे आहे, तुमच्या मशिनमध्ये गडबड. मशिनमध्ये काही नाही. क्लॅप वाजला कॅमेऱ्यापासून साधारण पस्तीस मीटरवर आणि बूम होता कॅमेऱ्याशेजारी. चाळीस अंशाच्या हवेत आवाज सेकंदाला साधारण ३५५ मीटर जातो, म्हणजे टाळी माझ्याकडे पोचायला सेकंदाचा दहावा भाग. चोवीस फ्रेमच्या हिशेबाने तेच दोन-अडीच फ्रेम. त्याला सांगितलं, क्लॅपचा ठोका नटाच्या लॅपलवर बघ, नट क्लॅपजवळच उभा होता. गप्प झाला. मग म्हणाला, “हे शाळेत शिकलो होतो राव.”

१९ एप्रिल

वरण-बट्टी. युनिटमधले निम्मे दुपारभर आडवे. काम दोन सीन.

२१ एप्रिल

आजची चूक माझी. लिहून ठेवतो.

मोठ्या मायला शेजारणीची छोटी भूमिका आहे, चार वाक्यं. साल सरल्यावर हिशोबात पैसे फिरलेत असं सालदाराला कळतं, तो उठून जायला निघतो तेव्हा ती बोलते. कागदावरचं वाक्य ती कधीच बोलली नाही. प्रत्येक टेकला वेगळं. चौथ्या टेकला ती झोक्यावरून उठली, दाराच्या चौकटीला हात लावला आणि म्हणाली, “साल सरनं, मानूस नई सरना.” लेखकाने लिहिलेलं नव्हतंच ते. नटाच्या डोळ्यांत खरं पाणी आलं. दिग्दर्शक मॉनिटरसमोर उभा राहिला.

आणि माझे हेडफोन मुके. सकाळच्या गडबडीत बॅग सावलीतून उन्हात गेली होती. सावली सरकते हे मला कळायला हवं. रेकॉर्डर तापून बंद पडला, स्क्रीन काळी. मी हात वर केला, पण कोणी माझ्याकडे बघत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मी फार वरही केला नाही. तो टेक थांबवायची माझी हिंमत नव्हती.

कट. टाळ्या. मग मी सांगितलं.

दिग्दर्शक काहीच बोलला नाही. ओरडला असता तर सोपं गेलं असतं. पाचवा, सहावा, सातवा टेक घेतला. मोठी माय दमली, वाक्य परत कागदावरचं झालं. निर्मात्याचा माणूस कोपऱ्यात फोनवर म्हणत होता, “काही नाही, मुंबईत कोणाकडून तरी डब करून घेऊ.”

२२ एप्रिल. रात्री

कॅमेऱ्याला स्वतःचा एक साधा माइक असतो, खडखडाट करणारा. त्यावर टेक चार आहे. लांबचा, घुमणारा, चित्रपटात वापरता येणार नाही असा, पण लय शाबूत. तो मोबाइलवर घेतला.

रात्री दहानंतर गिरणी बंद, भोंगे बंद, हवा जरा उतरलेली. मोठी माय अंगणात खाटेवर. मी आणि पोऱ्या खाली. तिच्या कानाला हेडफोन लावला आणि तिचंच वाक्य ऐकवलं. ती हसायला लागली. “मी आशी बोलस?” मग परत ऐकायला मागितलं. तिसऱ्यांदा ऐकून तिने डोळे मिटले.

पहिल्या वेळी घाई झाली. दुसऱ्या वेळी मालगाडी आली, थांबलो. तिसऱ्या वेळी ती खाटेवरून उठली, घरात गेली, चौकटीला हात लावून उभी राहिली आणि म्हणाली, इथूनच बोलले होते ना मी. पोऱ्याने अंधारात बूम धरला. तिने वाक्य म्हटलं.

लॅपटॉपवर दोन्ही लाटा एकाखाली एक ठेवल्या. ‘सरनं’ वर अर्ध्या फ्रेमचा फरक. तेवढा मला सरकवता येतो.

मधल्या घराचा रूम टोनही घेतला, नव्वद सेकंद. कोणी न बोलता खोली जशी असते तसा. एडिटिंगमध्ये वाक्यांच्या फटी भरायला हाच लागतो. पोऱ्या दबक्या आवाजात म्हणाला, “भाऊ, काहीच नाही येत.” त्याच्या कानाला हेडफोन लावला. पाल, कुठेतरी दूर मोटार, माठातून झिरपणारं पाणी, मोठ्या मायचा श्वास.

२३ एप्रिल

बॅगेसाठी छत्री. मदतनिसाचं दिवसभर एकच काम, सावली सरकली की छत्री सरकवायची.

२५ एप्रिल

गावात लग्न. डीजे. नवरीच्या बापाने आम्हालाच हळदीचं आमंत्रण दिलं, त्यामुळे आवाज कमी करा म्हणायची सोय उरली नाही. सगळं युनिट जेवायला : बट्टी, घोटलेली वांग्याची भाजी. मी डीजेची वरात दोन जागांहून घेतली, एकदा जवळून, एकदा बंद दाराच्या आतून. भिंतीपलीकडून आलेला डीजे कॉम्प्युटरवर बनवता येतो म्हणतात. येतो, पण बनवलेला कळतो. मातीच्या भिंतीतून नुसता ठोका येतो आणि मधूनच पितळी वाद्याची एक ओळ दारावरून डोकावून जाते.

दिवसाचा हिशोब : आठ ट्रॅकला तासाला साधारण चार जीबी. आजवर दोन कार्डं, तीन कॉप्या. एक कॉपी कायम गुरुजींच्या कपाटात. युनिटची गाडी उलटली तरी गुरुजींचं कपाट हलणार नाही.

२७ एप्रिल. अमावास्या, रात्रीचं शूटिंग

शेतात सालदार एकटा, काळोख. काळोखासाठीच तारीख अमावास्येची निवडली होती. जनरेटर बांधाच्या पलीकडे, कपाशीच्या पऱ्हाटीच्या ढिगामागे, केबल दीडशे मीटर. इलेक्ट्रिक विभाग केबलवरून माझ्यावर चिडलेला, पण जागा बरोबर होती.

शेतीची थ्री फेज वीज पाळीने येते, कधी दिवसा कधी रात्री. या आठवड्यात रात्री. वायरमन भाऊंनी वेळ आधीच सांगितली होती. तरी वाटलं, आसपासच्या तीन विहिरींवर गेलं तर थांबतील. दोघे थांबले. तिसऱ्याचा उन्हाळी भुईमूग. त्यांनी बॅटरीचा झोत माझ्या तोंडावर मारला आणि म्हणाले, “पिच्चर नंतर, पाणी पहिलं.” यावर काय बोलणार.

परत आलो, दिग्दर्शकाला सांगितलं. तो थोडा वेळ मोटारीचा आवाज ऐकत बसला. मग म्हणाला, सालदार रात्री शेतात दुसरं काय करत असतो? सीन बदलला. आता तो एकटा बसून विचार करत नाही, बारं देतो, म्हणजे पिकाला पाणी. चिखलात पाय, फावडं, आणि मागे मोटार. मला तीन विहिरींपैकी जी बंद करता येत नव्हती तीच हवी होती असं झालं. भुईमूगवाल्या तात्यांना फावडं धरायला उभं केलं. नटाला ते जमेना.

२८ एप्रिल

झोपलो.

३० एप्रिल. आखाजी

सासुरवाशिणी माहेरी आलेल्या. घराघरात घागर पुजलेली, वर खरबूज, पितरांना नैवेद्य, सांजोऱ्या, आमरस, खापरावरच्या पुरणपोळ्या. पिंपळाखाली पत्त्यांचे डाव. गावच्या लिंबाला दोर बांधून झोके, बाया गातात, पोरी उभ्याने झोके घेतात. या दिवशी कूलर कोणी बंद केला नाही आणि आम्ही म्हटलंही नाही. लाल-हिरव्या फडक्यांच्या मालकिणी स्वतःच झोक्यावर.

सगळा दिवस उघड्यावर, दोन माइक, त्यांच्यावर फर लावलेला झेपलीन, म्हणजे वारा अडवणारं कवच. गाणी चार तास भरली. एक म्हातारी मधेच ओळ विसरली, बाकीच्या थांबल्या, मग तिला ती आठवली आणि सगळ्या हसत परत सुरू झाल्या. ही जागा कोणी कापू नये म्हणून क्लिपच्या नावातच ‘कापू नये’ लिहिलंय.

संध्याकाळी मधल्या घरातल्या झोक्याची करकर घ्यायची होती. आर्टदादांनी कड्या थिनरने पुसल्या, राख चोळली. झोका ढिम्म. तेल आत मुरलंय. पहिल्या दिवशी मनातल्या मनात खूश झालो होतो, ते आठवलं. पाहुण्या लेकी, जावई, नातू, एकेक जण बसून झोका घेऊन बघतोय, कोणाकडूनच वाजत नाही. जावई वजनदार होते, त्यांच्याकडून आशा होती. मोठ्या मायला वाईट वाटलं. नातवाला सगळ्यांसमोर बोलली.

२ मे. पॅक-अप

अमळनेरला बोरीच्या पात्रात सखाराम महाराजांच्या यात्रेची तयारी. जाताजाता एक तास तिथला आवाज घेतला, पाळण्यांचे लोखंडी पाइप एकमेकांवर पडताना.

फडकंवाल्या दोघींना प्रॉडक्शनने साधी कॅडबरीही दिली नव्हती. मी आणि पोऱ्याने दोन दप्तरं आणली. अकरा घरांना पेढे दिले, आजोबांच्या घरीही. हे पैसे कुठल्या कलमात टाकायचे म्हणून लाइन प्रोड्यूसरने विचारलं. ‘शांतता’ लिहा म्हटलं. त्याने ‘इतर’ लिहिलं.

२४ मे. पुणे

एडिट चालू. मोठ्या मायचं वाक्य बसलं. एडिटरला आधी काहीच सांगितलं नव्हतं. त्याने तीनदा बघितलं आणि पुढे गेला. तेवढंच हवं होतं.

उन्हातल्या कामाच्या पैशांचा हप्ता अजून थकलेला. आठवण केली.

११ जून

फोली, म्हणजे पडद्यावरच्या हालचालींचे आवाज स्टुडिओत नव्याने काढणं. चपला, फावडं, घागर. भाकरीचा सोळा एप्रिलचाच आवाज वापरला, स्टुडिओतली कणीक तशी बोलत नाही. झोक्याची करकर मात्र जमेना. खुर्ची, दार, जुना पलंग, चामड्याचा पट्टा, लायब्ररीतल्या चाळीस-एक करकरी. सगळ्या भुतांच्या सिनेमातल्या. दिग्दर्शक प्रत्येक वेळी नुसता मान हलवतो. त्याच्या कानात बावीस मार्चची बसलीय, आणि ती मी तेव्हा भरून घेतली नव्हती. रेकीला रेकॉर्डर न्यायचा, हे पुढच्या वहीच्या पहिल्या पानावर.

२६ जून

मोठ्या मायचा फोन, नातवाच्या नंबरवरून. आधी पाऊस, मग पेरणी, मग माझ्या आईची तब्येत. मग म्हणाली, पावसाच्या दमटाने कड्या गंजल्या वाटतं. “झोका करकर करी ऱ्हायना. तेल टाकू का थांबू?”

म्हटलं, थांबा. मी येस.

२८ जून

रात्रीच्या गाडीने उतरलो, पहाटे साडेपाचला गावात. एक रेकॉर्डर, एक माइक, कोणी बरोबर नाही. बाहेर रिमझिम, धाब्यावर पावसाचा आवाज जवळजवळ नाहीच, माती पिऊन टाकते. गिरणीवाल्या आप्पांनी न सांगता गिरणी उशिरा काढली. मोठी माय झोक्यावर बसली, पायाने हलका रेटा देत. एका मालगाडीसाठी थांबलो. मग चार मिनिटं सलग मिळाली.

हेडफोन काढला. तिने पदराखालून तेलाची बाटली काढून माझ्या हातात दिली आणि वर कडीकडे बोट दाखवलं.